एकतीस मार्चचा बेबाक दाखला

तोताराम महाजन यांनी पारोळ्याच्या मार्केट यार्डात अठ्ठावीस वर्षं मापाडी म्हणून काम केलं. पोतं काट्यावर चढलं की वजन पाहायचं, ते मोठ्यानं सांगायचं आणि पावतीवर लिहायचं, एवढंच काम. पण त्या वेळी शेतकरी आणि व्यापारी दोघंही मापाड्याच्या तोंडाकडे पाहत असतात. पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन असं पुढे. यार्डात त्यांचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा. बाहेर मात्र ते इतकं हळू बोलत, की समोरच्याला थोडं वाकावं लागे.

त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली. कोकिळा मोठी, लीलाधर पाच वर्षांनी लहान. मास्तरकीच्या आयुष्यात हुशार मुलं पुष्कळ भेटतात. बहुतेक सांगितलेलं लवकर समजणारी असतात. न सांगितलेलं विचारणारी फार थोडी. ही दोघं त्यांतली. लीलाधर संध्याकाळी माझ्या घरी शिकून चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्याच्या यादीत आला आणि धुळ्याच्या निवासी शाळेत त्याची निवड झाली. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. मी पत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तोतारामभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि बायकोला, वच्छलाबाईंना, म्हणाले, "सरकार जेवाडस, सरकार शिकाडस. मंग ईचारानं काय?"

वच्छलाबाई रडल्या. दहा वर्षांचं पोर. आठवड्याभरात पत्र्याची पेटी आणली, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव घातलं आणि पोराला धुळ्याच्या गाडीत बसवलं. त्या घरातला तो निर्णय पाच मिनिटांत झाला. कोकिळाच्या निर्णयाला चार महिने लागले.

आधी घराबद्दल सांगायला हवं. धुळे रस्त्याच्या अलीकडच्या नव्या वस्तीत त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. वच्छलाबाईंचं होतं नव्हतं ते सोनं पाया भरण्यातच गेलं. विटा त्यांनी स्वतः वाहिल्या होत्या. वर चोवीस हजारांचं कर्ज होतं. ते यार्डातल्या लोकांच्या एका पतसंस्थेचं, घर गहाण ठेवून, अठरा टक्क्यांनी. व्याजापोटी तोतारामभाऊ महिन्याला तीनशे साठ रुपये भरत. मुद्दल मात्र होतं तिथेच राहायचं, कारण दर मार्चअखेरीस त्या कर्जाचं नवं-जुनं व्हायचं.

नवं-जुनं म्हणजे एकतीस मार्चला जुनं कर्ज फेडल्याची पावती फाडायची आणि दोन एप्रिलला तेवढंच कर्ज पुन्हा उचलल्याची सही करायची. पैसे कोणाच्या हातात येत नसत, कोणाच्या हातून जात नसत. फिरायचा तो कागद. यार्डातला हमाल, मापाडी, दुकानदार, सगळे असंच करत. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. संस्थेचे सेक्रेटरी बन्सीलालभाऊ गमतीनं म्हणायचे, "सर, एकतीस मार्चला आख्खं पारोळं बिनकर्जी ऱ्हास. एक दिवस का व्हयना, मानूस छाती काढीसन चालस!"

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये कोकिळाची दहावीची परीक्षा संपली. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं. आमच्या शाळेला जोडून अकरावी-बारावीचे वर्ग होते, पण कला शाखेचे. विज्ञानासाठी जळगावला जावं लागणार होतं, म्हणजे वसतिगृह आलं आणि खानावळ आली. महिन्याला अडीचशे रुपये, दोन वर्षांचे सहा हजार. मापाड्याच्या घरात ते येणार कुठून?

त्याच आठवड्यात तिनं वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली. जळगावात घरासाठी कर्ज देणारं एक कार्यालय उघडलं होतं. बारा टक्के व्याज, पंधरा वर्षांची मुदत, दर महिना हप्ता. आधीचं कर्ज असेल तर तेही फेडून देऊ, असं खाली बारीक अक्षरात होतं.

दोन दिवसांनी ती माझ्याकडे मापाच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन आली. पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर तिनं एकशे ऐंशी ओळी लिहिल्या होत्या. एकेका महिन्याची एक ओळ: बाकी किती, व्याज किती, हप्त्यातून मुद्दल किती कमी झालं. तीस हजारांपासून सुरुवात.

"सर, तपासून द्या ना," ती म्हणाली. "तीस हजार घेतले तर हप्ता तीनशे साठच बसतो. आबा आता भरतात तेवढाच. त्यातले चोवीस हजार पतसंस्थेला जातील, सहा हजार हातात राहतील. आणि पंधरा वर्षांनी कर्ज संपेल. आत्ता तर ते संपतच नाही."

"संपतं का पूर्ण?"

"नाही. शेवटच्या ओळीला पंचवीस रुपये उरतात. तेही लिहिलेत."

मी दोन संध्याकाळी बसून आकडे तपासले. एकही चूक नव्हती. असलं गणित शाळेत कोणी शिकवत नाही. सूत्र माहीत नसल्यामुळे तिनं ते ओळीनं, हातानं केलं होतं. इतकी वर्षं खडू धरून मी एवढं समाधान क्वचितच अनुभवलं असेल.

मग त्यांच्या ओसरीवर बैठक झाली. मला बोलावलं होतं, म्हणून गेलो. वच्छलाबाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. तोतारामभाऊ हातातल्या पावत्या उलटून पाहत होते.

"तठे तिले कोण देखी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"वसतिगृहाच्या बाई असतात, वहिनी," मी म्हणालो.

"बाई देखी आपली पोर? सोळा वरीसनी पोर. लोके काय म्हणतीन?"

"माय, लीलाधर दहा वर्षांचा गेला, तेव्हा लोकांना नाही विचारलंस," कोकिळा म्हणाली.

"त्यानं वेगळं शे."

"काय वेगळं? तो माझ्यापेक्षा हुशार आहे?"

वच्छलाबाईंनी सूप थांबवलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "तोंड देखा हिनं, सर. हिले जळगावले धाडं ते कॉलेजना मास्तर पळी जाई."

"पळू दे," तोतारामभाऊ म्हणाले. त्यांनी शेवटची पावती वर ठेवली. "हप्ता तोच बसस ना, पोरी?"

"तोच, आबा."

"मंग जाय."

अर्ज कोकिळानंच भरला, सुवाच्य अक्षरात. 'सध्याचे कर्ज' या रकान्यात तिनं चोवीस हजार लिहिलं, संस्थेचं नाव लिहिलं. जोडायच्या कागदांच्या यादीत सहावी ओळ होती: 'पूर्वीचे कर्ज असल्यास त्याबाबतचा दाखला.' तो आणायचं काम तोतारामभाऊंचं होतं.

यार्डात कर्जाचा दाखला म्हणजे एकच दाखला, बेबाक. आता काही देणं उरलं नाही, असं लिहून देणारा. दुसऱ्या कुठल्या दाखल्याची तिथे कोणाला कधी गरजच पडलेली नव्हती. तोतारामभाऊ एकतीस मार्चला नवं-जुनं करायला गेले, तेव्हा त्यांनी बन्सीलालभाऊंकडे बेबाक दाखला मागितला. बन्सीलालभाऊंनी खुशीनं लिहून दिला. त्या दिवशी पावती फाटलेलीच होती. खाली गोल शिक्का, सही, तारीख. दोन एप्रिलला तोतारामभाऊंनी नेहमीप्रमाणे चोवीस हजारांच्या नव्या कर्जावर सही केली.

सगळे कागद पाकिटात घालण्यापूर्वी माझ्यासमोर ठेवले होते. मी पुन्हा कोकिळाचा हिशेबच पाहिला. दाखल्यावरचा शिक्का पाहिला आणि तो बाजूला ठेवला.

जूनमध्ये निकाल लागला. कोकिळा तालुक्यात पहिली आली. यार्डात पेढे वाटले. एका हमालानं विचारलं, "मापाडीनी पोर कलेक्टर व्हयनी ते आमनं माप कोण करी?" तोतारामभाऊ म्हणाले, "ती करी. तुन्हं पहिले." सगळे हसले. मी त्यांना एवढं मोठ्यानं विनोद करताना तेव्हाच ऐकलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात जळगावहून बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. एरंडोलमार्गे एस.टी.नं दीड-दोन तास लागले. साहेब तिशीचे असतील. चांगले होते, बसायला खुर्च्या दिल्या. त्यांनी फाईल उघडली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अर्जात लिहिलंय, चोवीस हजार देणं आहे. दाखला म्हणतो, काहीच देणं नाही. यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही खरं, साहेब," तोतारामभाऊ म्हणाले.

"दोन्ही कसं खरं असेल?"

"दाखला एकतीस मार्चचा शे. त्या दिवशी देणं नव्हतं."

"आणि आज?"

"आज चोवीस हजार."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवं-जुनं म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. ते मध्येच म्हणाले, "मला माहीत आहे, सर. मीही इकडचाच आहे, चोपड्याचा. पण आम्ही संस्थेला पत्र टाकलं, तर त्यांचं उत्तर आलं की चोवीस हजार येणे आहे, कर्ज दोन एप्रिलचं. म्हणजे बेबाक दाखला घेऊन तिसऱ्या दिवशी त्याच घरावर नवं कर्ज. कागदावर हे कसं दिसतं, सांगा."

"माले वाटनं, तोच दाखला लागस," तोतारामभाऊ म्हणाले.

"आम्हाला येणं किती आहे त्याचा दाखला हवा होता. तेवढं आणलं असतं तर आम्ही परस्पर संस्थेला चेक दिला असता. साधं काम होतं." साहेबांनी फाईल मिटली. "वरून नामंजूर होऊन आलंय. माझ्या हातात नाही. सहा महिन्यांनी नवा अर्ज करा. तेव्हा मी स्वतः बघतो."

सहा महिन्यांनी म्हणजे जानेवारी. अकरावीचे प्रवेश जुलैत.

परतीच्या गाडीत तोतारामभाऊ खिडकीशी बसले. एरंडोल मागे पडलं. मी म्हणालो, "पहिली फी मी भरतो. पुढचं पुढे पाहू." त्यांनी मान हलवली. "पहिली तुम्ही भरशात सर. मंग दर महिना?" माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, निदान निम्मं तरी होतं. मी ते त्या वेळी दिलं नाही. माझीही मुलगी त्या वर्षी बारावीला होती.

घरी त्यांनी जे झालं ते सांगितलं. कोकिळानं दाखला हातात घेऊन तारीख पाहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. "मी पाहायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि तो परत दिला.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मला नीट सांगता येत नाहीत, कारण त्यांत काही घडलंच नाही. तोतारामभाऊ सकाळी यार्डात जात, संध्याकाळी येत. जेवायला वाढलं की जेवत. घर विकून भाड्यानं राहू, असं ते एकदा म्हणाले. पुन्हा मात्र त्यांनी ते काढलं नाही. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा ते म्हणाले, "देखू." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं असंही मला म्हणता येणार नाही. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा चेहरा होता, आणि तो तसाच राहिला.

जळगावच्या कॉलेजच्या यादीत कोकिळाचं नाव लागलं. फी भरायला शनिवारी दुपारी तीनपर्यंत मुदत होती. शुक्रवारी रात्री वच्छलाबाई शेजारच्या दोन घरी जाऊन आल्या. शनिवारी सकाळी त्यांनी नवऱ्याच्या हातात पैसे ठेवले, भाकरी बांधून दिली आणि म्हणाल्या, "भरी या. पुढनं मी देखसू." ज्या बाईला लोक काय म्हणतील याची काळजी होती, तिनं हे केलं. हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तोतारामभाऊ नुकतेच आले होते. ओट्यावर बसून पाय धूत होते.

"भरली का फी?" मी विचारलं.

"नही. गाडी उशिरा पोहोचली. खिडकी बंद व्हयेल व्हती."

वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून स्टोव्हचा आवाज यायला लागला. कोकिळा पाण्याची कळशी घेऊन आली, वडिलांच्या पायांवर पाणी घातलं आणि कळशी घेऊन गेली.

सोमवारी ते तिला घेऊन आमच्या शाळेत आले. मी अकरावी कलाचा फॉर्म दिला. तिनं तो माझ्याच टेबलावर भरला. विषयांच्या रकान्याशी थांबून तिनं विचारलं, "सर, कलेला गणित घेता येतं ना?"

"नियमात येतं. पण आपल्याकडे कोणी घेत नाही."

"मी घेते."

दोन वर्षं तिच्या एकटीसाठी मधल्या सुट्टीनंतरचा एक तास मी गणित घेतलं. ती पहिल्या बाकावर बसायची, मागचे बाक रिकामे. पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडचं बरंचसं संपलं. मग आम्ही दोघंही पुस्तक वाचून शिकायला लागलो.

जानेवारीत तोतारामभाऊंनी नवा अर्ज केला. या वेळी येणं किती आहे त्याचं पत्र जोडलं. कर्ज मंजूर झालं, पतसंस्थेला चेक गेला, हप्ता तीनशे साठ बसला. सहा हजार पोस्टात राहिले. कोकिळाच्या कामाचे ते उरले नव्हते, कारण वर्ष मध्यावर आलं होतं आणि शाखा बदलता येत नव्हती. पुढे ते लीलाधरच्या डिप्लोमाला गेले. कोकिळानं धुळ्याला डी.एड. केलं. आज ती साक्रीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दोन लहान मुलं आहेत, नवरा ग्रामसेवक आहे. दिवाळीला येते तेव्हा मला भेटून जाते. तक्रार करत नाही. गणिताबद्दलही फारसं बोलत नाही.

शहाण्णव साली तोतारामभाऊ निवृत्त झाले. लीलाधर तेव्हा जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात लागला होता. मीही दोन वर्षांपूर्वीच सेवेतून सुटलो होतो, त्यामुळे सकाळी आम्ही दूध आणायला एकाच वेळी निघायचो. डेअरीच्या ओट्यावर गाडीची वाट पाहत बसायचो. एके दिवशी ते न विचारताच बोलायला लागले.

"सर, त्या शनिवारी मी जळगावले गयथू नही."

कोणता शनिवार, हे मला विचारावं लागलं नाही.

"स्टँडवर गयथू. गाडी उभी व्हती, जागाबी व्हती. पैसा खिशात. मी गाडीकडे देखत उभा ऱ्हायनू. कंडक्टरनी घंटी मारी, गाडी गई. मंग यार्डात गयू. भुईमुंगना सीझन. सांजलगून माप कयं."

"का?" मी विचारलं.

ते टाळत नव्हते, खरंच उत्तर शोधत होते.

"माहीत नही," ते शेवटी म्हणाले. "आज भरू, पुढला महिना काय, असं काही मनमा नव्हतं. पोरगी जाऊ नये असंबी नव्हतं. काहीच नव्हतं मनमा. साहेब म्हणे साधं काम व्हतं. ते साधं कामबी माले जमनं नही, तठेच मी उभा ऱ्हायनू."

दुधाची गाडी आली. लोक उठून रांगेत उभे राहिले. आम्ही बसूनच होतो.

"वहिनींना माहीत आहे?"

"तिले त्याच सांजले समजनं. कपडास्ले भुईमुंगनी माती व्हती. जळगावहून येणारा मानूसना अंगवर ती कशी येई?" "तिनी त्या रातले कपडा धुई टाका. आठ वरीस व्हयनात, एक शब्द बोलनी नही."

"आणि कोकिळा?"

"तिनी पायवर पानी टाकं व्हतं," तोतारामभाऊ म्हणाले. "पोरगी हुशार शे, सर."

मग ते बरणी घेऊन उठले आणि रांगेत जाऊन उभे राहिले.